रोझीचा उपास

चहा हातात घ्या आणि ऐका. माझी ही फजिती माझी बायको माझ्यापेक्षा रंगवून सांगते, म्हणून ती आत स्वयंपाकात आहे तोवर मीच सांगून टाकतो.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात सर्कस आली होती आणि तिच्यात चक्क अमेरिकेचा पुमा! म्हणजे सिंहीणच समजा. नाव रोझी. पण गावात आल्यापासून तिनं मटणाला तोंड लावलं नव्हतं, आणि तिला सांभाळणारा मास्तर तापानं फणफणलेला. मॅनेजर चहाच्या गाडीवर रडकुंडीला आला होता. "असंच चाललं तर जनावर हातचं जाईल हो."

मी छाती पुढं काढली. "मी बघतो की. फुकट. जनावरास्नी माझा लळा लागतोय."

आमच्या गोठ्यात एक म्हैस होती, एवढाच माझा अनुभव.

मॅनेजरनं एकच अट घातली, "तिला आरडाओरडा सोसत नाही. कानात बोलल्यासारखं बोलायचं."

आता मी शिरोलीला फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाच्या खडखडाटात कामाला. आमच्यात कानात बोललेलंसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. पण मी इरेला पेटलो आणि घरीच सराव सुरू केला. "वाईच मीठ दे," असं कुजबुजलो, तर बायकोची भाकरी तव्याबाहेर पडली.

लग्न झाल्यापासून मी तिच्याशी असं बोललो नव्हतो हो! त्यात कामावरून परस्पर सर्कशीत जायचो, उशिरा घरी यायचो. सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं असतं का? आणि रविवारी दुपारी मी झोपेत पुटपुटलो म्हणे, "रोझी, माझी बाय, येकच घास."

झालं. दुसऱ्या दिवशी बायको माझ्या मागावर निघाली. बरोबर तिचा पैलवान भाऊ.

मी तंबूत पिंजऱ्यापाशी उकिडवा बसून लाडीगोडी लावत होतो. "रुसू नगं गं रोझी. तुझ्यासाठनंच आलोय न्हवं?"

बाहेरून मेव्हण्याचा आवाज आला, "आयकलंस आक्का? आतच हाय ती."

कनात बाजूला सारून बायको आत शिरली, मागोमाग मेव्हणा. "कुठं हाय ती भवानी?"

मी पिंजऱ्याकडं बोट केलं. मेव्हणा जो पळाला तो थेट रंकाळ्यावर थांबला. बायको मात्र जागची हलली नाही. तिनं आधी रोझीकडं बघितलं, मग पडलेल्या मटणाकडं.

"ह्ये का टाकलंय?"

"खाईना झालीया," मी कुजबुजलो. "अशानं मरंल गं ती."

बायकोनं पदर खोचला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ए बये, नखरं पुरं झालं. म्होरं आलंय ते गप गिळायचं. कळलं का?"

रोझीनं कान पाडले आणि खाली मान घालून खायला लागली! आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

सर्कशीचा मुक्काम हलेपर्यंत मग रोझीला हीच जेवू घालायची. मी मागं मटणाची बादली धरून उभा. एकदा मॅनेजरनं विचारलं, "वहिनी, एवढं जंगली जनावर असं वठणीवर आणायला शिकलात कुठं?"

तिनं मागं न बघताच माझ्याकडं बोट केलं.

"ह्यांच्यावरच हात बसवला की."