ताईचा षड्ज
जुना कॉम्प्युटर तापल्यावर येणारा धुळीचा वास आला, की गंगापूर रोडवरची आमची खोली आठवते. माझी थोरली बहीण गायची. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज जाणार होता, म्हणून आदल्या दुपारी मी तिचा सा रेकॉर्ड करून साउंड कार्डच्या मेमरीत भरला. "एवढा एकच सूर पुरेल?" तिनं विचारलं. "पुरेल गं ताई, बाकीचे त्यावरून प्रोग्रॅम तयार करेल." ती घरी परतल्यावर मी सगळे सूर वाजवून दाखवले. वरचे लहान मुलीसारखे चिरके, खालचे पुरुषासारखे जाड निघाले. ताईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि हातानंच 'बंद कर' म्हणाली. पुढं कितीतरी दिवस मी कोड बदलत राहिलो. तिनं पुन्हा ऐकायला मागितलं नाही. आता तिचा आवाज आठवू पाहतो, तर कानात मशीनचाच येतो.