कशी वाटली?

काल बसथांब्यावर कॉलेजातल्या दोन मुली नुकत्याच पाहिलेल्या सिनेमावरून भांडत होत्या. "शेवट अगदीच फालतू!" "तुला काय कळतंय गं!" ऐकताना काकू आठवल्या.

सातवीत शाळा सुटलेली मी, वाशीमहून पुण्यात काकूंकडे स्वयंपाकाला आले. त्यांची नजर गेली होती. पोळ्या झाल्या की मला कादंबरी वाचायला बसवायच्या. मी अडखळायचे, त्या थांबायच्या. वाचायची गोडी त्यांनीच लावली. पुस्तक संपलं की विचारायच्या, "कशी वाटली?"

"छान."

"अगं, सगळंच कसं छान? भेंडी जून निघाली तर भाजीवाल्याशी भांडतेस ना?"

मी नुसती हसायचे. मत असायला शाळा लागते, असं वाटायचं.

शेवटच्या कादंबरीत पळून गेलेली मुलगी परतते आणि आई काहीच बोलत नाही. मला ते खोटं वाटलं. माझी आई आधी भांडली असती, मग तिनं जेवायला वाढलं असतं. काकूंना एवढं सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात त्या गेल्या.

"मावशी, तुम्ही पाहिलात हा सिनेमा? कसा वाटला?" एकीनं विचारलं.

पाहिला होता. शेवट मलाही पटला नव्हता. तरी तोंडातून निघालं, "छान आहे."