मिलिंदच्या शिपायाची ताकद

बसला उशीर झाला असेल, एवढंच आम्ही म्हणत होतो. चंद्रपूरच्या माझ्या क्वार्टरमध्ये रविवारी दुपारी आमचा खेळ असायचा आणि मिलिंद मुलचेऱ्याच्या बसनं यायचा. तिकडच्या शाळेत तो मास्तर होता. त्या रविवारी सतरंजी अंथरून झाली, कवड्या वाटीत पडल्या, आणि दारात उभा राहिला तो त्या बसचा कंडक्टर. "मास्तर आज नाई आले जी," तो म्हणाला. "ताप डोस्क्यात गेला... गेले ते. सकाळीच त्याइच्या गावी, सावलीले नेलं, घरी." आमच्या खेळातला तिसरा गडी नागोराव चक्क हसला. "काहीतरीच," म्हणाला. मीही कंडक्टरला चहा विचारला, जणू त्यानं दुसऱ्याच कुणाची बातमी आणली होती. आमच्या भागात ताप नवा नाही, पण गुरुवारी फळ्यासमोर उभा असलेला एकोणतीस वर्षांचा माणूस रविवारी नसतो, हे मला आजही पटत नाही. पोरांना हिवतापाच्या गोळ्या स्वतःच्या हातानं खाऊ घालणारा माणूस! मला दुःखाआधी रागच येतो.

तो खेळ काय होता, हे सांगायलाच हवं, कारण शेजारीपाजारी आम्हाला येड्यात काढत. परदेशातल्या मामेभावानं एक इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. पुढं दरी, मागं राक्षस, आता काय करतोस? खेळणारा सांगणार, आणि जमलं की नाही ते फासे ठरवणार. पुस्तकासोबत फासे आलेच नव्हते, म्हणून आईच्या कवड्या घेतल्या. गोष्ट सांगायची माझ्याकडे. त्या जगात देव उदंड... नदीचा वेगळा, लोखंडाचा वेगळा, चोरांचासुद्धा एक. तहसीलमधला कारकून नागोराव, तो अर्थातच चोर झाला. मिलिंद मात्र झाला देवाची शपथ घेतलेला योद्धा. खोटं बोलायचं नाही, शरण आलेल्याला मारायचं नाही, आणि बदल्यात देव हाताला अशी ताकद देणार की जखमेवर हात ठेवला की ती भरून यावी. आम्ही तोंडात बोटं घातली. घरी बुद्धवंदना, देवदेवी न मानण्याची वडिलांपासूनची प्रतिज्ञा, आणि हा देवाचा शिपाई! "भाऊ," तो मला म्हणाला, "शपथ घेऊन जगनं कसं असते, ते मले घरूनच ठाऊक हाये. देवाचं काय ते तुम्ही पाहा."

सागवानाच्या तुकड्यातून त्यानं शिपायाची बोटभर सोंगटी कोरली होती, नाक जरा वाकडंच. आणि त्या शिपायाला एक खोड होती. खेळात कोणतंही देऊळ आलं, अगदी शत्रूच्या देवाचंही, की मिलिंद आधी म्हणायचा, "मी चपला काढतो." नागोराव डोक्याला हात लावायचा. "अबे, अंदर राक्षस बसून हाये अन् हा चपला काढून राह्यला! पाय पन धुऊन घे!" मिलिंद हसायचा नाही. "देव माझा नाई," म्हणायचा. "पन ज्याइचा हाये, ते रोज इथी येतेत ना." एकदा त्यापायी पळताना काटा भरला, कवड्या उलट्या पडल्या आणि शिपाई मरता मरता वाचला. पुढच्या देवळाशी पुन्हा चपला काढल्याच.

मग या पावसाळ्याच्या शेवटी ते झालं. शिपायाच्या देवानं हुकूम सोडला की जंगलातलं दुसऱ्या देवाचं देऊळ जाळ, शत्रू आत लपलाय. देवाचा आवाज माझाच, चांगला घोगरा केलेला.

"अंदर गावातले लेकरं पन हायेत का?" मिलिंदनं विचारलं.

"आहेत."

"मंग नाई."

पुस्तकाचा नियम स्पष्ट होता. देवाचा हुकूम मोडला की ताकद गेली. नदीचा देव मधाळ बोलला की माझी शपथ घे, ताकद मी देतो. "एक घेतली हाये, तेवढी पुरे," मिलिंद म्हणाला. त्या दिवशी नागोराव पहिल्यांदा त्याच्या बाजूनं माझ्याशी भांडला. पुढच्या रविवारांना मिलिंद साध्या माणसासारखा खेळत राहिला. कुणी जखमी झालं की म्हणायचा, "हात ठेवतो." काही व्हायचं नाही. "बरं, मंग फडकं बांधतो." मी मनाशी ठरवून ठेवलं होतं, देवाला पश्चात्ताप होईल आणि तो ताकद परत देईल. देवाचं भाषणसुद्धा तयार होतं. नेमकं कंडक्टर दारात आला त्याच रविवारसाठी!

सावलीला मिलिंदच्या जलदान विधीला नागोराव आणि मी गेलो. जेवणं उरकत आली तेव्हा मिलिंदच्या आईनं आम्हाला जवळ बसवून घेतलं. "त्या खेळातले भाऊ तुमीच का?" घरी आला की तो तिला सगळी गोष्ट सांगायचा म्हणे, पुराण सांगावं तशी. मग तिनं विचारलं, "त्याच्या सिपायाची ताकद वापस आली का, बापू? तो म्हने, येत्या इतवारी भाऊ कायतरी करतीन."

मी हबकलोच. त्यानं ओळखलं होतं...

"आली, माय," मी म्हणालो.

"कोन्या देवानं देली?"

देवाचं भाषण माझ्या तोंडाशी आलेलं होतं. समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी मिलिंदचा शाळेतला फोटो. त्या घरात, त्या बाईसमोर मला ते बोलवेना.

"कोनीच नाई, माय. ती गेलीच नोहती."

"मंग सांगा," ती म्हणाली, "कसं झालं ते." आणि मांडवात पत्रावळी उचलल्या जात असताना मी सांगितलं. लेकरं कशी वाचली, शिपायानं एका पोराच्या जखमेवर नेहमीसारखा हात ठेवला आणि ती कशी भरून आली. मी अडखळलो की नागोराव रडत रडत पुढचं सांगायचा.

सोंगटी माझ्याकडेच आहे, कवड्यांच्या वाटीत. गेल्या रविवारी नागोराव आला. मी सतरंजी अंथरली. त्याचा चोर लोखंडाच्या देवाच्या देवळाशी आला होता, आत सोनं होतं, पहारा झोपलेला. "आता काय करतोस?" मी विचारलं. नागोराव वाकड्या नाकाच्या त्या सोंगटीकडे पाहत बसला.

"चपला काढतो," तो म्हणाला.