झेरॉक्सच्या दुकानातल्या बाई

कुंभकोणमच्या बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. माझा लॅपटॉप सारखा बंद पडत होता आणि गेल्या महिन्यात वारलेल्या आत्याच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग त्यातल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आतच चालणाऱ्या दुसऱ्या संगणकात, अडकलं होतं. ते बाहेर काढण्यासाठी असलेलं शेअर्ड फोल्डर दिसायचं, पण उघडायचं नाही. मी रडकुंडीला येऊन भावाला फोनवर हे सांगत होते. ते ऐकून बाई काउंटरमागून म्हणाल्या, "भिऊं नका. फोल्डर आहे. तुम्हांस आंत जावयाची परवानगी नाहीं, इतकेंच."

तिथल्या तंजावरी मराठी घरांतलं त्यांचं मराठी जुन्या पत्रातल्यासारखं होतं.

टोनरने काळी झालेली बोटं पुसून त्यांनी माझं नाव परवानगीच्या यादीत घातलं आणि लॅपटॉपमधलं ते व्हर्च्युअल मशीन पुन्हा सुरू केलं. ते चालू होईपर्यंत एका गिऱ्हाइकाचं आधार कार्ड लॅमिनेटही केलं.

फोल्डर उघडलं. आत्या गाऊ लागली तसे माझे डोळे भरून आले. बाईंनी पेनड्राइव्ह पुढे सरकवला.

"आधीं प्रत काढा," त्या म्हणाल्या, "मग रडा."

प्रत पुरी झाली, तेव्हा मी तिथल्याच स्टुलावर बसून मोकळेपणी रडले. बाईंनी पंखा माझ्याकडे वळवला.