आईच्या कानावर जाऊ देऊ नका

आमच्या कॉलनीत आता कुणी "जेवलात का?" असं विचारत नाही. "शुगर किती निघाली?" असं विचारतात. सकाळी बायका पायात बूट घालून फिरायला निघतात आणि चालता चालता जे बोलतात ते सगळं रिपोर्टांचंच असतं. कुणाचं थायरॉईड, कुणाचं युरिक ॲसिड. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढायला आलेला माणूस बिचारा ओशाळून पुढं जातो. मला यावर हसायचा अधिकार नाही, कारण या सगळ्या बायकांची मी गुरू होते. मिठाची बरणी कपाटात घालून कुलूप लावणारं घर माझंच.

मी नांदेडला एका शाळेत गणित शिकवते. स्वभाव करडा आहे, पोरं मागं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. आईला हृदयाचा झटका आला तेव्हा ती लातूरजवळच्या मुरुडला एकटी राहत होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिला मी एकुलती एक. शेजाऱ्यांनी तिला लातूरला नेलं, तिथं स्टेंट बसवला, आणि आठव्या दिवशी मी तिला गाडीत घालून नांदेडला आणलं ते कायमचंच. तिला विचारलं नाही. निघताना डॉक्टर फाईल हातात देत म्हणाले, "गोळ्या चुकवू नका, मीठ कमी करा, आणि धक्का बसेल असं काही एकदम कानावर जाऊ देऊ नका." पुढचा पेशंट दारात उभा होता. हे वाक्य ते दिवसातून कितीदा म्हणत असतील कोण जाणे. मी मात्र ते काळ्या दगडावरची रेघ करून टाकलं.

वही घातली. सकाळ-संध्याकाळ बीपी, वजन, पायांवरची सूज, सगळं लिहायचं. लोणचं बंद, पापड बंद, एसटीचा प्रवास बंद. आणि माती बंद. आमच्याकडं मयतीला जाण्याला मातीला जाणं म्हणतात. मुरुडला कुठंही मयत झाली की आई चुलीवरचं खाली उतरवून निघायची. घर ओळखीचं असो नसो. "लग्नाला न्हाई गेलं तर चालतंय, मातीला जायाच पायजे," म्हणायची. नांदेडला मी तिला समोरच्या घरच्या मातीलासुद्धा जाऊ दिलं नाही. ऊन, गर्दी, रडारड, नको ते. ती गप्प बसली. मला वाटलं तिला पटलं. लेकीच्या घरी राहणाऱ्या बाईला वाद घालायची सोय नसते, एवढं साधं गणित मला सुटलं नाही.

तिचं माणूस म्हणावं असं एकच उरलं होतं, धाकटा भाऊ. माझा मामा. देवणीजवळच्या एका गावात शेती करायचा, दावणीला देवणी जातीच्या गाया. आईनं त्याला कडेवर घेऊन वाढवलेला, त्यामुळं सत्तरीला आला तरी तिच्या लेखी तो पोरच. दर रविवारी सकाळी जनावरांना वैरण टाकून झाली की त्याचा फोन यायचा.

"आक्का, हायस का गेलीस?"

"हाय अजून. तू?"

"मी बी हाय."

एवढं झालं की दोघं हसायची आणि मग अर्धा तास पाऊस, गाया, भाव, कुणाच्या पोरीचं जमलं, असं चालायचं. मला ते 'गेलीस का' आवडायचं नाही. असलं काय बोलता म्हणून मी एकदा दोघांनाही झापलं होतं.

तो शेवटचा फोन मी ऐकला. स्पीकरवरच होता. मामा खोकत होता आणि आई माझ्याच शब्दांत त्याला तासत होती. तंबाखू सोड, लातूरला जाऊन तपासून घे, ईसीजी काढ. मामा म्हणाला, "आक्का, मरण काय डॉक्टरला इचारून येतंय व्हय?" आई चिडली. म्हणाली, "मग मर तसाच, मला फोन करू नको." आणि तिनं फोन ठेवला. भावा-बहिणीचं भांडण, त्यात काय एवढं. पुढच्या रविवारी मिटलं असतं.

गुरुवारी मामा गेला. आषाढ होता, पेरण्या झाल्या होत्या. गोठ्यात बसल्या जागी कलंडला. मामाच्या मुलाचा फोन मला शाळेत आला, पहिल्या तासाला.

"ताई, आण्णा गेले." आणि पुढं, "आत्याला घेऊन या. किती बी उशीर होऊ द्या, थांबतो आम्ही. बहिणीला तोंड दाखवल्याबिगर कसं उचलायचं?"

मी फळ्यासमोर उभी होते. वर्गात साठ पोरं. मला आठवतं, मी एक क्षणही विचार केला नाही. "थांबू नका," मी म्हणाले. "आईला हे सोसायचं नाही. मी एकटी येते. आणि तिच्या कानावर यातलं काही जाऊ देऊ नका." तो म्हणाला, "बरं."

आईला शाळेच्या कामाचं सांगून मी गेले. अंगणात बायका माझ्या गळ्यात पडल्या आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिल्या, गाडीतून आणखी कुणी उतरतंय का म्हणून. "आक्का कुठं हाय?" बरी नाही, म्हणाले. एक म्हातारी तोंडावर बोलली, "बरी न्हाई म्हणून कोण भावाच्या मातीला चुकतंय व्हय गं?" मामाच्या तोंडात पाणी घालायची वेळ आली तेव्हा मामीनं माझ्या हातात तांब्या दिला. "आक्काच्या नावानं तू घाल." मी घातलं. मी तिथं पोटभर रडले हेही सांगते. मामाचा मला फार लळा होता.

परत आल्यावर मी दारातूनच न्हाणीघरात गेले. आई म्हणाली, "ह्या वक्ताला आंघूळ?" मी म्हणाले, उकडतंय.

विचार असा होता की पंधरा दिवसांनी लातूरच्या डॉक्टरांकडं तिची तपासणी आहे, ती झाली की सांगू. तपासणीत ईसीजी चांगला आला. मग वाटलं, एवढं चांगलं चाललंय, कशाला बिघडवा. पुढच्या महिन्यात बीपी वाढलेलं निघालं. मग काय, प्रश्नच नव्हता. चांगलं निघालं तरी नको आणि वाईट निघालं तरी नको, असा तो हिशोब होता. एकदा मी डॉक्टरांनाच बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही म्हणाला होता म्हणून आम्ही हे लपवलंय. ते माझ्याकडं बघतच राहिले. "मी म्हणालो होतो? अहो, सांगून टाका. जवळ बसून शांतपणे सांगा. किती दिवस लपवणार?" तरीही मी सांगितलं नाही, कारण तोवर भाऊ गेल्यापेक्षा मी लपवलं हाच मोठा धक्का झाला होता. नवरा म्हणाला, "एक दिवस कळणारच आहे, तेव्हा तोंड कुठं लपवशील?" मी त्याला म्हणाले, तुमची आई असती म्हणजे कळलं असतं.

आई दर रविवारी फोन उशाला घेऊन बसायची. दोन रविवार ती ताठ्यात होती, त्यानंच करावा म्हणून. तिसऱ्या रविवारी तिनं लावला. मामाच्या मुलानं उचलला आणि मी पढवलं होतं तसं म्हणाला, आण्णा शेतात हायत. नंतर म्हणाला, फोन खराब झालाय. नंतर, कान लई गेलाय, फोनवर ऐकू येत न्हाई. बिचारा खोटं बोलताना अडखळायचा आणि मला नंतर फोन करून म्हणायचा, "ताई, मला हे व्हत न्हाई." एकदा आईनं हट्टानं मामीला बोलवायला लावलं. मामीनं फोन हातात घेतला, आईचं "अगं" ऐकलं आणि ठेवून दिला.

"ती बी बोलंना," आई म्हणाली. "मी त्याला मर म्हणले ना, म्हणून रुसलाय त्यो." आणि त्यानंतर रोज तेच. जेवताना, गोळ्या घेताना, टीव्ही बघताना. असं कसं बोलले मी, लहान हाय त्यो, त्याला कुणी तोडून बोललेलं सोसत न्हाई. मी समजूत काढायची. काय समजूत काढायची? "येईल गं मामा," असं मी माझ्या तोंडानं म्हटलेलं आहे.

श्रावणात तिनं पोस्टानं राखी पाठवली, आत चार ओळींची चिठ्ठी. अक्षर वेडंवाकडं. "चुकले, फोन कर." पाकिटावर पत्ता मीच घातला. मामाच्या मुलानं ती राखी फोटोपाशी ठेवली आणि मला तसं कळवलं. इकडं आई पोस्टमनची वाट बघत होती. गणपती झाले, दसरा झाला, आणि तिच्या मनातला पस्तावा हळूहळू रागात गेला. म्हणायची, मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, आईच्या माघारी माझ्या ताटातलं त्याला घातलं, आणि एका शब्दावरनं त्यानं नातं तोडलं. माणूस मोठा झाला. गाया झाल्या, बागायत झाली, आता बहिणीची काय गरज. मी मधे बोलले तर म्हणायची, "तू त्याची बाजू घेऊ नको." वहीतले आकडे त्या दिवसांत फार छान होते.

भाऊबीजेला मामा दरवर्षी यायचा. त्या दिवशी तिनं सकाळपासून ताट तयार ठेवलं. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. एवढा राग असूनही तिला वाटत होतं की आजच्या दिवशी तरी तो येईल. नवरा सकाळीच घराबाहेर निघून गेला, त्याला बघवलं नाही. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी पुन्हापुन्हा घासत होते. गेटचा आवाज झाला की ती उठायची. दुपारी ती जेवली नाही, मीही जेव म्हणाले नाही. संध्याकाळी शेजारीण सहज दारात आली, रिकामा पाट बघून म्हणाली, "आजी, भाऊ नाही आला तर चंद्राला ओवाळा की."

"जिला भाऊ न्हाई ती ओवाळते चंद्राला," आई फाडकन म्हणाली. "माझा हाय जित्ता."

शेजारीण गेली. थोड्या वेळानं आई उठली आणि ताट घेऊन जिना चढायला लागली. मी मागं गेले. गच्चीवर पश्चिमेला बिजेची बारीक कोर दिसत होती. आईनं निरांजन लावलं, ताट वर उचललं आणि म्हणाली, "मेला त्यो माझ्यापुरता." आणि ओवाळायला लागली.

"आई, असं म्हणू नकोस," मी म्हणाले. मला ते ऐकणं शक्यच नव्हतं. "मामा खरंच वारलाय."

तिनं ताट कठड्यावर ठेवलं. "कवा?"

"आषाढात. त्या फोननंतर चार दिवसांनी."

ती उभीच राहिली. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं, नाडी बघायला. तेव्हासुद्धा मी नाडीच बघितली, याची मला आजही किळस येते. नाडी ठीक होती. तिला काही झालं नाही. घाम नाही, चक्कर नाही, छातीत कळ नाही. ज्या धक्क्याला भिऊन मी चार महिने घरभर खोटं पेरलं, तो तिनं उभ्या उभ्या सोसला.

"चार महिने मी त्याला शिव्या घालून राहिले," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "थांबले न्हाईत का माझ्यासाठी?"

आणखी एक खोटं बोलता आलं असतं. "थांबतो म्हणाले होते," मी म्हणाले. "मीच नको म्हटलं. एकटीच जाऊन आले."

तिनं मनगट सोडवून घेतलं आणि कठडा धरत, एकेक पायरी करत खाली गेली. उशिरा कळलं तरी अंगावर पाणी घ्यावं लागतं. गिझर लावू दिला नाही. अंगावरच्या लुगड्यानिशी तिनं बादलीभर गार पाणी डोक्यावरून घेतलं, कोरडं नेसली आणि ओल्या केसांनी पुढच्या खोलीत फरशीवर बसली. आमच्याकडं बाई एकटी रडत नाही. कुणीतरी जवळ येतं, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात, तेव्हा कुठं तो हुंदका सुटतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी तिच्यासमोर बसले आणि हात पसरले.

आईनं माझ्या छातीवर हात ठेवून मला थोपवलं. रागानं नाही, हळूच.

"तू तवाच रडून आलीस की," ती म्हणाली. "तुझं झालंय."

मग तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि एकटीच रडायला लागली.