ओल्या गादीवरचा पाहुणचार

माणसाची चाहूल लागली की अनसूयामावशी हातातलं काम टाकून आधी फरशी पुसायच्या. मग दारात पोस्टमन असो, नाहीतर माझ्यासारखा भाडेकरू संघटनेची पत्रकं वाटत फिरणारा पोरगा. पहिल्या भेटीत त्यांनी मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. पुसून झाल्यावर म्हणाल्या, "ये, बस. उद्या कुणी म्हणाय नगं, ह्यांच्यात घाण असती म्हणून." भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. 'कुणी' म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

माधवनगरच्या गिरणीतलं काम सुटल्यावर मावशी लग्नाच्या गाद्या शिवू लागल्या. कापूस आणि कापड गिऱ्हाइकाचं. वर घरमालक राहायचे, पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांच्या मोरीचा पाइप मावशींच्या भिंतीतून खाली यायचा, आणि तो झिरपत होता. मावशींनी कितीदा सांगितलं. "देखेंगे," सुभेदार म्हणायचे. भाडं घेताना खोली मालकाची आणि गळताना भाडेकरूच्या नशिबाची! कुठल्या न्यायानं?

एकदा मावशी बाजारात गेलेल्या असताना पाइप फुटला. नवरीसोबत सासरी जायची गादी चिंब झाली. भिजलेल्या कापसाचे गोळे होतात, वास जात नाही, आणि लग्न तर तोंडावर आलेलं. मावशी कापूस चाचपत म्हणाल्या, "पोरीची पाठवणी माज्यापायी अडली तर तोंड कुठं दावू रं?"

मी बजावलं, "कशाला हात लावू नका. मालकाला हे असंच दिसू दे." आणि वर गेलो. सुभेदारांनी आंघोळ केली, जेवण केलं, सुपारी कातरली. मी जिन्यात येरझाऱ्या घालत होतो. शेवटी त्यांना घेऊन खाली आलो, तर काय! फरशी लख्ख पुसलेली, भिंतीच्या ओलीवर चुन्याचा हात फिरवलेला, गादीवर धुतलेली चादर.

"आवं मावशी, पुसलंत कशाला?"

"मग? मालक पयल्यांदा घरात येनार. राड्यात उभं करू त्यास्नी?"

सुभेदार मोठ्यानं हसले. "पुढारी, कुठाय तुमचा पूर? खोली तर परेडला उभी केल्यागत चकाचक हाय!" आणि ते माघारी वळले.

मावशींचा चेहरा उतरला. क्षणभर त्या गादीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आवं मालक, च्या न घेता जाताय व्हय? बसा की, गादीवर बसा."

पहिल्यांदाच पाय ठेवलेल्या घरचा चहा नाकारायचा कसा? सुभेदार ऐसपैस बसले. हळूहळू त्यांचं हसू मावळलं. ताडकन उठले, तर पांढरा लेंगा पाठीमागून ओलागच्च.

"बसा की," मावशी म्हणाल्या. "नव्या नवरीला तर ह्याच्यावरच झोपायचं हाय."

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी सांगलीहून नवा कापूस पाठवला. गादी लग्नाला पोचली. आणि मागोमाग निरोप आला, खोली खाली करा. मी मोर्चाची भाषा केली. मावशींनी मान हलवली. "वर बसल्याल्या मानसाशी वैर धरून खाली झोप लागत न्हाई, गड्या."

कोरेगावला बहिणीच्या गल्लीत खोली मिळाली. टेम्पोत मीही होतो. तिथल्या घरमालकानं कुलूप काढलं, पण मावशी बोचक्यावरून उठेनात.

"वरची मोरी कुठनं उतरती?"

"मागच्या अंगानं."

"आन् गळली, सामान भिजलं, तर भरून कोन देनार?"

"आजी, आधी सामान तर उतरवा!"

"आदी बोला."

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. घरमालक नाही म्हणाला असता तर परत न्यायला आमच्याकडे खोलीच नव्हती. मी कुजबुजलो, "मावशी, नंतर बघू."

"नंतर बघतो म्हननारा एक बघितला की."

घरमालक घुटमळला, मग म्हणाला, "बरं, मी देईन भरून."

"असं न्हाई," मावशी म्हणाल्या. "शेजारनीला हाक मारा, आन् तिच्याम्होरं म्हना."