बाराव्या नावाची सही

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. निवृत्त होऊन मी गुहागरजवळच्या आमच्या गावी येऊन राहिले होते. शाळेपुढे लढाईत कामी आलेल्यांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं. यादीत अकरा नावं, सगळी पुरुषांची. मी सरपंचांना म्हटलं, बारावं राहिलंय, माझ्या मैत्रिणीचं. ते हसले. "सिस्टरबाई, बायका कधी लढाईत जातात काय? आणि ती तर मिरजेला टायफॉईडने गेली ना?"

मग मी काय तिकडे भातुकली खेळायला गेले होते? आम्ही दोघी ह्याच गावच्या, दोघी लष्करात नर्स. मलायात जपान्यांच्या हाती सापडलो आणि साडेतीन वर्षं कैदेत काढली. म्हणजे मी काढली. ती दुसऱ्याच वर्षी गेली.

एवढं सांगूनही सरपंचांचं एकच, ती कैदेत वारली असं कागदावर लिहून घरच्यांची सही आणा. घरचं म्हणजे तिचा थोरला भाऊ, पंचाहत्तरी उलटलेला. पहिल्यांदा गेले तर दादा बागेत, भेटलेच नाहीत. दुसऱ्यांदा सुपाऱ्या सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बघू." डोकंच फिरलं माझं. बघू काय बघू! दगडावर अक्षरं कोरणारा दोन दिवसांत परत जायचा होता, आणि माझे गुडघे दादांच्या घराची ती घाटी पुन्हा चढायला तयार नव्हते.

तरी चढले. ह्या वेळी कागद त्यांच्यापुढे आपटलाच. तेव्हा कुठे दादांनी तोंड उघडलं.

"कशाला उकरून काढतेस गो बाय? मिरजेचं मीच सांगितलं गावाला. शत्रूच्या कैदेत होती म्हटलं असतं तर माझ्या मुलींची लग्नं झाली असती?"

"टायफॉईडनेच गेली!" मी ओरडले. "पण मिरजेला नाही, कैद्यांच्या बराकीत! आजाऱ्यांचं करता करता गेली! आणि तुम्ही तिला चाळीस वर्षं लपवलीत, चोरीच्या मालासारखी! लाज कशी वाटली नाही हो?"

दादांनी कागद जवळ ओढला. मग हळूच म्हणाले, "शेवटी तोंडात पाणी घातलंस ना गो तिच्या?"

चाळीस वर्षांनी हे विचारतात! असा संताप आला, वाटलं, खरं काय ते तोंडावर फेकावं आणि चालू पडावं. पण त्यांची हनुवटी थरथरत होती.

"घातलं, दादा. मीच घातलं."

त्यांनी सही केली. अडखळत, पण पूर्ण नाव लिहून.

ती गेली त्या दिवशी माझी ड्यूटी पलीकडच्या बराकीत होती. ती पाणी मागतेय असा निरोप आला, पण पहारेकऱ्याने मला दारातून सोडलं नाही. मी पोचले तेव्हा तिला कांबळ्यात गुंडाळून झालं होतं.